मुलगा अबोल आहे, शाळेत मित्र नाहीत, काय करू?

"मुलगा तिसरीत आहे, डबासुद्धा एकटाच खातो, त्याला बोलकं कसं करू," असं तुम्ही विचारलंय. ताई, बोलकं करायच्या नादी लागू नका. त्याला एवढंच विचारा, वर्गात अजून कोण एकटं डबा खातं?

मी स्वतः तोतरा. गाव वाळवा तालुक्यात, सगळा ऊसपट्टा. हजेरीला माझं नाव आलं की 'हजर'मधला 'ह' घशातच अडकायचा आणि वर्ग खिदळायचा. चौथीत असताना दिवाळीनंतर ऊसतोडीला आलेल्या टोळीवाल्यांचं एक पोर वर्गात येऊन बसायला लागलं. बीडकडचं, धारूरच्या बाजूचं. आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडात, म्हणून धाकटी बहीण कडेवर घेऊनच यायचा. पटावर त्याचं नावच नव्हतं. (आता अशा मुलांना शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. तेव्हा गुरुजींनी बसू दिलं हेच खूप.) तो 'का'ऐवजी 'कामून' म्हणाला की पोरं आठवडाभर 'कामून, कामून' करायची. खरं सांगतो, मीही हसलो. आपल्यावरचं हसू दुसऱ्यावर गेलं याचं बरंच वाटलं होतं.

बहीण रडली तर बाहेर नेता यावी म्हणून गुरुजींनी त्याला दाराशी बसवलं होतं. दाराशी मी आधीपासूनच होतो. एकदा मधल्या सुट्टीत तो जोंधळ्याच्या चिपाडाची बैलगाडी करत होता. खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे, चाकं जुन्या स्लिपरची. जू बसवताना त्याला तिसरा हात हवा होता, मी धरलं. बस्स, तिथून जमलं. बोलणं फार व्हायचं नाही. पण माझा शब्द अडकला की बाकीचे सगळे, अगदी आईसुद्धा, तो घाईनं पुरा करायचे. हा थांबायचा. दातात काटा धरून, माझ्याकडं बघत, माझं होईपर्यंत.

म्हणून म्हणतो, दहा पोरं बोलावून वाढदिवस करू नका, एकाच मुलाला घरी बोलवा. आणि दोघांच्या हाताला काहीतरी काम द्या: माती, पतंग, मोडकी सायकल. समोरासमोर बसवून "बोला आता" म्हटलं की संपलं. तुम्हीही पलीकडच्या खोलीत जा. मुलगा घरीही बोलत नसेल किंवा माझ्यासारखा अडखळत असेल तर स्पीच थेरपिस्टला जरूर दाखवा, आमच्या वेळी ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, आणि दोन दिवसांत खोपी मोडल्या. मी शाळेत होतो, भेट झाली नाही.

पुढच्या दसऱ्यानंतर टोळी आली, पण माणसं वेगळी. खोपींपुढून दोन चकरा मारल्या, मग चुलीपुढच्या एका बाईला त्याचं नाव घेऊन विचारलं. तीनदा अडकलो, पण पुरं विचारलं. त्याच्या बापानं यंदा दुसऱ्या मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतली होती. ती टोळी कर्नाटकात गेली होती.