बाल्सा लाकडावरच्या रेषा रंगाखालून डोकावतात, काय करावं?

प्रश्न (लातूर): मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रॉकेटचं मॉडेल करतोय. ३ मिलिमीटर जाडीच्या बाल्साच्या (मॉडेलसाठीचं हलकं लाकूड) चार फिन्सना, म्हणजे रॉकेटच्या तळाशी असणाऱ्या पंखांना, स्प्रे पेंटचे तीन हात दिले, तरी लाकडाच्या रेषा दिसतातच. आणखी हात द्यावेत का?

उत्तर: नाही. आणखी सहा दिलेत तरी वजन वाढेल आणि रेषा राहतील. त्या रेषा म्हणजे झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे उघडे पडलेले चर. रंगातला थिनर उडाला की उरलेला पापुद्रा चरात खाली बसतो, म्हणून चर तसाच दिसतो. चर आधी भरायचा, घासून सपाट करायचा, रंग त्यानंतर.

चर भरायला सीलर (लाकडाचे चर भरणारं पातळ द्रावण) लागतं, पण सध्याच्या रंगावर तो लावू नका, थिनरने खालचा रंग सुरकुततो. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने तो रंग काढून टाका. पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि रेषांच्या दिशेनेच घासा. नुसत्या बोटाने घासलं तर लाकडाचा मऊ भाग खोल जातो आणि फिनवर लाटा उमटतात.

फर्निचर पॉलिशचं सामान मिळतं त्या दुकानातून एनसी (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर आणि एनसी थिनर आणा. डबा तळापासून ढवळा, कारण चर भरणारी पूड खाली बसलेली असते. पहिला हात निम्मा सीलर, निम्मा थिनर. सुकल्यावर बाल्साचे तंतू उभे राहून हाताला खरखर लागेल. ते बिघडलेलं नाही, असंच होतं. ३२० ने घासा. पुढचे हात दोन भाग सीलरला एक भाग थिनर. चर खोल असतील तर अशा चार चमचे सीलरमध्ये एक चमचा टाल्कम पावडर कालवा. मिश्रण कढीइतपत हवं. प्रत्येक हातानंतर जवळजवळ लाकूड दिसेपर्यंत घासा. सीलर चरात हवा, वर थर नको. नीट सुकला असेल तर मैद्यासारखा पांढरा भुगा पडतो. पेपरवर गोळ्या चिकटल्या तर अर्धा तास थांबा.

साधारण तीन ते पाच हात लागतात. फिन खिडकीपाशी तिरकी धरून पाहा, उरलेल्या चराची बारीक सावली लगेच दिसते. शेवटी ४०० ने घासून प्राइमर मारा.

दोन्ही बाजूंना लागोपाठ हात द्या. सीलर सुकताना आकसतो आणि एकाच बाजूला असेल तर फिन तिकडे वाकते. रॉकेटच्या नळीला चिकटवायच्या कडेवर मात्र आधी मास्किंग टेप लावा. सीलर प्यालेल्या लाकडात फेविकॉल मुरत नाही.

प्रश्न (नांदेड): सीलर सुकल्यावर दुधाळ पांढरा झाला. पावसाळ्यात असं होतं हे ऐकलं होतं, पण आमच्याकडे तर मे महिना आहे.

उत्तर: खोलीत कूलर चालू होता का? थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. कूलरची हवा दमट असते, म्हणून बाहेर ४२ अंश असलं तरी आत पावसाळाच. कूलर बंद करा, खिडक्या उघड्या ठेवा, गॅस किंवा देवघरातला दिवा जवळ नको. पांढऱ्या भागावर थिनरचा अगदी हलका ब्रश फिरवला की तो बहुतेक वेळा साफ होतो.

दुपारी काम करूच नका. ब्रश पुढे सरकेपर्यंत सीलर ओढ धरतो आणि ब्रशचे ओरखडे राहतात. सकाळी आठच्या आत उरका.

प्रश्न (परभणी): ग्लायडरच्या पंखांनाही हेच करायचं? भिंतीची पुट्टी चालेल का?

उत्तर: पंखांना पातळ सीलरचे एक-दोन हात पुरेत, टाल्कम नको. शेपटीला तर एकच. शेपटी तोलबिंदूपासून लांब असते, तिथे वाढलेल्या १ ग्रॅमला तोलायला नाकात कितीतरी ग्रॅम शिसं भरावं लागतं. पुट्टी नको: जड असते, तिच्यातल्या पाण्याने बाल्सा फुगतो आणि पातळ पंख जरा लवला की ती तडकून सुटते.