म्युझियमची बस शाळेत येते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जि. प. शाळेत पुढच्या महिन्यात मुंबईच्या म्युझियमची बस येतेय, विषय हडप्पा. पोरं २१०, बस थांबणार चार तास. मागे एकदा सायन्सची बस आली होती तेव्हा सगळी पोरं रांगेत चढली आणि रांगेत उतरली, दुसऱ्या दिवशी कुणालाच काही सांगता येईना. यावेळी काय करू?
(एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, आधी वेळेचं गणित बघू. ३० पोरांचे सात ग्रुप करा, प्रत्येकाला अर्धा तास. त्यातली १५ आत आणि १५ बाहेर झाडाखाली हाताने काहीतरी करतायत, मग अदलाबदल. असे २१० मिनिटं होतात, उरलेला अर्धा तास चढण्या-उतरण्यात आणि पाणी प्यायला जातोच. आतल्या पंधरा मिनिटांत सगळं बघायचं नाही, हे पोरांना आधीच सांगून टाका. प्रत्येकाने आपली एक वस्तू निवडायची, तिच्यापुढे थांबायचं आणि तिचं चित्र काढायचं. चित्र काढताना पोरगं खरं बघतं, नुसतं "नीट बघा रे" म्हणून काही होत नाही.

पण खरं काम बस यायच्या आधीच्या आठवड्यातलं आहे आणि मी इतकी वर्षं मुलांना म्युझियम दाखवतेय त्यावरून अगदी खात्रीने सांगते की सगळा फरक तिथेच पडतो. साबणाच्या वड्या आणा, साध्या कपडे धुवायच्या चालतील, आणि प्रत्येकाला आपल्या नावाचं पहिलं अक्षर खिळ्याने कोरायला लावा. मग ते ओल्या मातीवर दाबायचं. अक्षर उलटं उमटतं! पोरं चिडतात, परत कोरतात, यावेळी मुद्दाम उलटं, आणि मग मातीत सुलटं येतं. आता हीच पोरं बसमध्ये हडप्पाची मुद्रा बघतील, जेमतेम इंचभर चौकोनी दगड, त्यावर एकशिंगी प्राणी आणि वर चिन्हांची ओळ, तेव्हा तुम्ही काही न बोलताच कुणीतरी ओरडेल की बाई, यांनी पण उलटं कोरलंय! मागे भोक असलेला उंचवटा असतो तो दोरी ओवायला, तेही त्यांनाच शोधू द्या. आणि ती लिपी अजून कुणालाही वाचता आलेली नाही हे नक्की सांगा, सातवीच्या पोरांना हे फार आवडतं, लगेच वाचायला बसतात.

अजून एक. हडप्पा म्हणजे लांब कुठेतरी पाकिस्तानात असं पोरांना वाटतं. त्यांना दायमाबादची गोष्ट सांगा. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. १९७४ साली तिथल्या एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या, हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ, रथात माणूस उभा. चारही मिळून साठ किलोच्या वर. या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातल्या, असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्या मातीत, कुदळीला लागलेलं! हे ऐकून बसमध्ये चढणारं पोरगं वेगळंच असतं.

प्रश्न : बसमध्ये सगळ्या प्रतिकृतीच असतात म्हणे. मग खोट्या वस्तू बघायला एवढा खटाटोप कशाला, त्यापेक्षा मुंबईची सहल काढावी.
(एक पालक, नाशिक)

उत्तर : सहल काढाच, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ पासून खास मुलांचं म्युझियम आहे आणि पहिल्या प्रदर्शनाच्या वस्तू निवडण्यात मुलांनाच सोबत घेतलं होतं. पण दादा, गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या पोरांनी सहलीचे पैसे आणायचे कुठून? त्याच म्युझियमने २०१५ मध्ये बस सुरू केली ती त्यासाठीच. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे, कोलकात्याच्या बिर्ला म्युझियमने १९६५ लाच विज्ञानाचं फिरतं प्रदर्शन काढलं होतं.

आणि प्रतिकृतीला खोटी म्हणू नका हो. चार-साडेचार हजार वर्षांचं मडकं आपल्या घाटरस्त्याच्या धक्क्यांत, उन्हाळ्यात तापलेल्या बसमधून रोज फिरवायचं म्हणजे ते गमावायची तयारी ठेवायची. मूळ वस्तू काचेआड राहते, प्रतिकृती मुलाच्या हातात येते, तो तिचं वजन बघतो, कडा चाचपतो. मला विचाराल तर दहा वर्षांच्या मुलासाठी आधी हात, मग काच.

प्रश्न : आम्ही इंडियानापोलिसला राहतो, इथल्या चिल्ड्रन्स म्युझियमची मेंबरशिप आहे. मुलीला एक प्रदर्शन इतकं आवडलं होतं, परवा गेलो तर तिथे दुसरंच काहीतरी! ती रडली. असं का काढून टाकतात?
(एक आई, अमेरिका)

उत्तर : काढून टाकलेलं नसतं, बहुतेक पुढच्या गावाला गेलेलं असतं. तिकडे एक म्युझियम प्रदर्शन बनवतं आणि बाकीची भाड्याने घेतात, साधारण तीन-चार महिने एका ठिकाणी, मग सगळं सुटं करून नंबर घातलेल्या पेट्यांत भरायचं, ट्रकमध्ये चढवायचं. प्रत्येक मुक्कामी काय तुटलं, काय झिजलं याची नोंद होते, कारण हजारो मुलांचे हात लागलेले असतात. तुमचं म्युझियम १९२५ सालचं आणि मुलांसाठीचं जगातलं सगळ्यात मोठं, ते स्वतःसुद्धा अशी प्रदर्शनं बनवून बाहेर पाठवतं. वेबसाइटवर बघा किंवा काउंटरवर विचारा, कुठलं कुठे गेलंय ते सांगतील. मग मुलीला नकाशा द्या, त्या शहरावर टिकली लावू दे आणि पुढचं गाव कळलं की पुढची टिकली. आणि यापुढे नवीन काही आलं की पहिल्याच दिवशी तिला सांगा की हे पाहुणे आहेत, अमुक महिन्यात जाणार, म्हणजे शेवटच्या आठवड्यात ती स्वतःच निरोप द्यायला चला म्हणेल.