एफएफए: ‘भावी शेतकरी’ लिहायचं की नुसती अक्षरं?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या शाळांमध्ये शेती शिकणाऱ्या मुलांच्या एफएफए (मूळ नाव ‘फ्युचर फार्मर्स ऑफ अमेरिका’, म्हणजे अमेरिकेचे भावी शेतकरी) या संघटनेवर मराठीत लिहायचंय, तर ‘भावी शेतकरी संघटना’ म्हटलं तर चालेल का, आणि त्यातला ‘ग्रीनहँड’ म्हणजे कोण.

तुम्ही कुठल्या सालाबद्दल लिहिताय त्यावर आहे सगळं. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांमधल्या शेतीशिक्षणाला केंद्राचा पैसा मिळायला लागला, मग व्हर्जिनियात हेन्री ग्रोसक्लोज वगैरे शेतीशिक्षणातल्या मंडळींनी ‘फ्युचर फार्मर्स ऑफ व्हर्जिनिया’ काढली. एफएफव्ही ही अक्षरं तिथे आधीच ‘फर्स्ट फॅमिलीज ऑफ व्हर्जिनिया’ म्हणजे जुन्या खानदानी घराण्यांसाठी वापरात होती, तीच शेतकऱ्यांच्या पोरांना मिळाली, मला हे फार आवडतं. 1928 ला कॅन्सस सिटीत 18 राज्यांचे 33 प्रतिनिधी जमले आणि ‘फ्युचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ झाली. तेव्हापासून 1988 पर्यंत ‘भावी शेतकरी’ बिनधास्त लिहा. 1988 ला मात्र अधिकृत नाव ‘नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन’ केलं, कारण शेतीशिक्षणात तोवर विज्ञान, व्यापार असं बरंच काही आलं होतं आणि प्रत्येक जण काही नांगर धरणार नव्हता, त्यामुळे त्यानंतरच्या काळासाठी नुसतं ‘एफएफए’च लिहा.

अजून एक, आणि हे मला नावापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. दक्षिणेत शाळाच गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या होत्या, त्यामुळे कृष्णवर्णीय मुलांची संघटना वेगळी, ‘न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका’, म्हणजे एनएफए, राष्ट्रीय पातळीवर ती 1935 ला अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला उभी राहिली. हिला ‘भावी’ नका म्हणू, ‘नवे शेतकरी’ म्हणा, नाहीतर मराठीत दोन्ही एकच वाटतील आणि यांचा इतिहास गायब होईल, आधीच तो फार कमी सांगितला जातो. एफएफएच्या चिन्हात मक्याच्या कणसाचा आडवा छेद आहे, एनएफएच्या चिन्हात तिथे उमललेलं कापसाचं बोंड होतं. एफएफएचं कॉर्डुरॉयचं जॅकेट निळं, यांचं काळं. 1965 ला एनएफए एफएफएमध्ये विलीन झाली तेव्हा तिचे 50 हजारांहून जास्त सभासद होते, पण नाव, बोंड, काळं जॅकेट यातलं काहीच एकत्र झालेल्या संघटनेत राहिलं नाही. म्हणून 1965 च्या आधीचं लिहिताना ‘अमेरिकेतली शेती शिकणारी सगळी मुलं एफएफएत होती’ असं वाक्य कृपया नको. आणि मुलींना राष्ट्रीय पातळीवर सभासदत्व 1969 ला मिळालं, त्याआधीच्या काळासाठी ‘विद्यार्थी-विद्यार्थिनी’ लिहिणंही चूकच.

आता ग्रीनहँड. पहिल्या पायरीच्या सभासदाची ती पदवी आहे, तिची पिन ब्राँझची असते. हँड म्हणजे कामाचा माणूस, आपण ‘कापणीला हात कमी पडतायत’ म्हणतो ना तोच हात, आणि ग्रीन म्हणजे अजून न मुरलेला, शेतीच्या हिरव्या रंगाशी त्याचा संबंध जोडू नका. ‘हिरवा हात’ तर अजिबात नको, मी ‘नवशिका’ लिहीन, ‘नवखा’ पण चालेल.