लहान मुलांना घेऊन अंदमानात मिशनच्या सेवेला जायचंय, कुटुंबाचा निभाव कसा लागतो?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला मध्य अंदमानातल्या एका मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) पाळक, म्हणजे पाद्री म्हणून बोलावलंय, दोन मुलं लहान आहेत, तर सामान काय न्यावं, शाळेचं काय, पगारात भागेल का. तुम्ही स्वतः बी.एड. आहात हेही जाता जाता सांगितलंय. पण तिथे गेल्यावर तुम्ही काय करणार, हे एवढ्या लांबलचक प्रश्नात कुठेच नाही. तेवढ्यासाठीच मी लिहायला बसले.

मी पाळकाची मुलगी. आम्ही नगरचे. 1980 च्या दशकात बाबांची नेमणूक मध्य अंदमानातल्या रंगतच्या बाजूला झाली. तेव्हा मद्रासहून बोटीने तीनेक दिवसांनी पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), तिथून पुन्हा बोट. माझी आई मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात शिकलेली नर्स. चालू नोकरी सोडून ती आली. बाबांच्या नेमणुकीच्या कागदावर 'अवलंबित कुटुंबीय' अशा मथळ्याखाली तिचं नाव होतं, त्याखाली आम्हा भावंडांची.

आमची मंडळी म्हणजे बहुतेक रांचीवाले. छोटा नागपूरहून (आताच्या झारखंडच्या बाजूहून) 1918 पासून जंगल तोडायला आणलेल्या उरांव, मुंडा, खडिया मजुरांची ही पुढची पिढी. अंदमानात सगळे त्यांना रांचीच म्हणतात. यांतली पुष्कळ घराणी येतानाच ख्रिस्ती होती. त्यामुळे 'धर्मांतर करायला गेलात ना' असं मला नगरला कुणी विचारलं की संताप येतो. तिथे बाप्तिस्म्याला कुणी अडलं नव्हतं, अडलं होतं ते औषधाला आणि अक्षरओळखीला. आमच्या वस्तीत कित्येक वर्षं पाळकच नव्हता. उपासना बंद पडल्यातच जमा होती, पत्र्याच्या देवळात लाकडं रचून ठेवलेली.

पहिल्याच पावसाळ्यात खाडीपलीकडच्या वस्तीतून निरोप आला, बाई अडलीय. रात्रीची बोट नाही, डॉक्टर रंगतला. आईने बिस्किटाच्या डब्यात कात्री, दोरा, कापूस उकळून घेतला. बाबांनी कंदील धरला. मला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मीही डोंगीत. झोपडी खांबांवरची, खाली डुकरं, वर पत्र्यावर पाऊस असा की बोललेलं ऐकू येईना. बाळ पायाळू होतं. आई बाहीने घाम पुसत एकाच शब्दाने त्या बाईला धरून होती, 'ठहर, ठहर', आणि मग एकदम 'अब ज़ोर'. तिचं हिंदी तेव्हा तेवढंच. पोर निळं पडलं होतं. पायांना धरून उलटं करून पाठ चोळली तेव्हा कुठे रडलं. बाबा सारा वेळ दाराशी प्रार्थना करत होते, आणि तीही मनापासून. त्यांना मी कमी लेखत नाही.

पुढच्या रविवारी त्या वस्तीतली माणसं देवळातली लाकडं बाहेर काढायला आली. उपासना सुरू झाली ती तिथून. आईचा दवाखाना आमच्या पडवीत रोज चालायचा. हिवतापाच्या गोळ्या, गोम चावलेल्यांची मलमपट्टी (तिथली गोम वीतभर असते, मोठा माणूस रात्रभर कण्हतो), संध्याकाळी बायकांचा शिवणवर्ग, रविवारी संडे स्कूल. वार्षिक अहवालात छापून आलं, 'पाळकसाहेबांच्या परिश्रमाने मंडळी पुन्हा उभी राहिली'. बाबांनी मासिक पत्रांत आईचं काम नावानिशी लिहिलं होतं. छापताना गळलं.

निवृत्तीच्या समारंभात बाबांना फंड, मानपत्र, शाल. आईला साडी आणि नारळ. मी मिशनच्या कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांना सरळ विचारलं, की हिच्या इतक्या वर्षांच्या नर्सिंगचं काय? ते म्हणाले, 'सेवेचा कसला पगार, बाळ.' मग बाबांना कशाचा दिला? ह्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही, आणि आजवर कुणी दिलेलं नाही. कार निकोबार बेटावर मिशनचं काम करणाऱ्या वेदप्पन सॉलोमन यांचं नाव ख्रिस्ती घरांत आदराने घेतात आणि घ्यावंच. त्यांच्या शाळेतला मुलगा पुढे बिशप जॉन रिचर्डसन झाला, लोकसभेत गेला. पण सॉलोमन यांच्या बायकोचं नाव आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

म्हणून ताई, सामानाची यादी नंतर करा. आधी नेमणुकीचं दुसरं पत्र मागा, तुमच्या नावाचं. काम काय, मानधन किती, फंड कापणार का, सगळं लेखी. तुम्ही बी.एड. आहात, शाळा सुटल्यावर वस्तीतली पोरं तुमच्याच ओट्यावर येणार आहेत. 'पाळकबाई आहेत ना, करतील' असं म्हणणाऱ्या कमिटीबरोबर जाऊ नका. नवरा संकोचेल, 'असं मागणं बरं दिसत नाही' म्हणेल. माझे बाबाही तेच म्हणायचे.

राहिला तुमचा प्रश्न. शाळा सरकारी, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची बघा. मराठी नाही, ती घरीच. आमच्या आईने बायबलमधली स्तोत्रं मोठ्याने वाचून घेतली, तेवढ्यावर माझं मराठी टिकलं. कांदे-बटाटे मेनलँडहून बोटीने येतात, म्हणून महाग. बोट चुकली की मिळतच नाहीत. ज्वारी विसरा. मासळी आणि नारळ मुबलक. पाऊस मेपासून पार डिसेंबरपर्यंत, तेव्हा लोखंडी कपाट, जाड गाद्या नेऊ नका, गंज आणि बुरशी. मच्छरदाण्या जास्तीच्या न्या. रस्त्याने गेलात तर जिरकाटांगपासून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याने जावं लागतं. तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला काही द्यायचं नाही. 1956 च्या कायद्याने त्या राखीव भागात परवानगीशिवाय शिरायला बंदी आहे आणि ती योग्य आहे. 2018 मध्ये उत्तर सेंटिनेल बेटावर धर्मप्रचाराला चोरून गेलेल्या आणि तिथल्या आदिवासींच्या हातून मेलेल्या अमेरिकन माणसाशी तुमच्या सेवेचा काही संबंध नाही, हे नातेवाइकांना आत्ताच समजावून ठेवा.

हे सगळं आमच्या काळचं आहे, तेवढं लक्षात घ्या. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल गेली, आता तिथून मुलं व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलतात. काही संस्था हल्ली दोघांनाही मानधन देतात असं ऐकते. तुमची देत असेल तर उत्तमच. तरी पत्र हातात पडेपर्यंत बोटीचं तिकीट काढू नका.