नेमबाजी : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : भाचा कॅलिफोर्नियात असतो, तिथल्या परवान्यावर रानडुकरांची शिकार करतो. शिशावर बंदी आल्यामुळे ३०८ विंचेस्टर रायफलची काडतुसं घरी भरताना त्याने आता तांब्याची गोळी घेतली. वजन तेच १८० ग्रेन (सुमारे ११.७ ग्रॅम), पावडर तेवढीच, काडतुसाची एकूण लांबीही तीच. शिशाच्या गोळ्या १०० यार्डांवर एका इंचात बसायच्या, या तीन इंचांत पसरतात. दोष गोळीचा की रायफलचा? आणि असं भरणं मला मुंबईत करता येईल का? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : बहुधा दोघींचाही नाही. ‘तेच, तेवढीच, तीच’ हे तीन शब्द नडले आहेत, आणि त्यातला पावडरचा शब्द धोक्याचा आहे. भाच्याला ती काडतुसं आजच बाजूला ठेवायला सांगा.

शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, तांब्याची ८.९६. म्हणजे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. एकूण लांबी तीच ठेवली की वाढीव लांबी केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) आत शिरते, पावडरची जागा कमी होते. शिवाय तांबं कडक, नळीच्या पिळात (आतल्या चक्राकार खाचांत) कोरलं जाताना जास्त विरोध करतं. दोन्हींमुळे दाब वाढतो. शिशाच्या गोळीचा तक्ता (किती पावडर भरायची ते सांगणारा) तांब्याला कधीच लावायचा नाही. त्याच कंपनीच्या त्याच गोळीचा तक्ता घ्यायचा आणि त्यातल्या किमान भारापासून सुरुवात करायची. बोल्ट (काडतूस नळीत कोंडणारा दांडा) उचलायला जड गेला किंवा प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी) सपाट झाला, तर तिथेच थांबायचं.

लांब गोळी स्थिर फिरायला पीळही घट्ट लागतो. नळीचा पीळ १२ इंचांत एक फेरा असेल तर १८० ग्रेनचा हट्ट सोडून १५० ग्रेन घ्यावी. तांब्याची गोळी वजन फारसं गमावत नाही, त्यामुळे हलकी घेतल्याने खोल शिरण्यात तोटा होत नाही, वेग मात्र वाढतो. तो हवाच असतो, कारण ही गोळी वेगावरच उमलते. बऱ्याच गोळ्यांना जनावरावर आदळताना सेकंदाला साधारण १,८०० ते २,००० फूट वेग लागतो. त्याखाली टोकाच्या पाकळ्या नीट उघडत नाहीत, गोळी पेन्सिलीएवढं भोक पाडून आरपार जाते आणि जखमी डुक्कर झाडीत पळतं. म्हणून तक्त्यात आपला वेग किती अंतरावर तिथवर उतरतो ते पाहायचं आणि त्यापुढे बार टाकायचा नाही.

आता ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा झुबका. आधी तांबं काढणाऱ्या सॉल्व्हंटने नळी स्वच्छ करा, पॅचवरचा निळा-हिरवा डाग थांबेपर्यंत. मग गोळीचा फुगीर भाग आणि पिळाची सुरुवात यांतलं अंतर, म्हणजे जंप, बघा. शिशाच्या गोळीला बरेच जण हे अंतर अगदी थोडं ठेवतात. तांब्याला ते मानवत नाही. ०.०५० इंचांपासून (१.२७ मिमी) सुरू करा आणि दर खेपेला ०.०२० इंचांनी गोळी आत सरकवत जा. माप टोकापासून घेऊ नका, टोकं सारखी नसतात. कम्पॅरेटर (मापपट्टीला लावायचा जोड) लावून फुगीर भागापासून घ्या. काडतूस मॅगझिनमध्ये मावतंय ना, तेही बघा. पावडरचा भार आणि जंप एकाच वेळी बदलले तर काय लागू पडलं ते कळणार नाही. नळी गार होऊ देत पाच-पाच बारांचे ग्रुप काढा. तीन बारांचा सुंदर ग्रुप पुष्कळदा नशिबाचा असतो.

बंदीमागचं कारणही सांगतो. शिशाची गोळी जनावरात फुटून बारीक कण मागे राहतात, ते खाऊन कॉन्डर गिधाडांना विषबाधा होत होती. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा पूर्ण बंद आहे.

मुंबईचं म्हणाल तर, नाही. काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं, आणि त्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना असणं पुरेसं नाही. वन्यप्राण्यांची शिकार तर १९७२ च्या कायद्याने बंदच आहे.

प्रश्न : मुलगी वरळीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफलचा सराव करते. दुकानात ४.४९ आणि ४.५० असे दोन मापांचे पेलेट (एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्या) दाखवतात. कोणते घ्यावेत? प्रत्येक पेलेट वजन करून निवडावा का? – एक पालक, दादर

उत्तर : हे मिलिमीटरमधलं डोक्याचं माप आहे, आणि ते मुलीने नव्हे, तिच्या रायफलच्या नळीने ठरवायचं असतं. मैत्रिणीला ४.५० चालतात म्हणून हिलाही चालतील असं नाही. रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचे मॅच (स्पर्धेचे) पेलेट घ्या, पिस्तुलाचे हलके नकोत. दोन्ही मापांचा एकेक डबा आणा. रायफल क्लॅम्पमध्ये किंवा निदान पक्क्या टेकूवर ठेवून प्रत्येक मापाचे दहा-दहा बारांचे तीन ग्रुप काढा. हातात धरून मारलात तर पेलेटची नव्हे, मुलीची परीक्षा होईल.

ग्रुप भोकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजा. पेलेटचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत असेल तर १०.० गुण मिळतात आणि पुढे दर पाव मिलिमीटरला ०.१ वाढतो. म्हणून बाहेरून बाहेर ९.५ मिमीच्या गोलात सगळी भोकं मावली तर रायफल आणि पेलेट मिळून प्रत्येक बार दहात टाकू शकतात. चांगली जोडी याहून बरीच लहान येते. जुळलेल्या डब्यावरचा बॅच क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच बॅचचे जमतील तेवढे डबे घ्या. पुढची बॅच त्याच नावाची असूनही वेगळी वागू शकते.

वजनाचा खटाटोप आत्ता नको. त्याऐवजी पेलेटचा मागचा घेर बघा. तो चेपलेला असेल तर हवा एका बाजूने आधी निसटते आणि पेलेट नळीतून निघतानाच तिरपा होतो. डबा दप्तरात खडखडत नेलात की हेच होतं, म्हणून झाकणाखाली फोमचा तुकडा ठेवा. नळीला तारेचा ब्रश लावू नका, फेल्टचे बोळे पुरतात.

प्रश्न : पावसाळ्यात पेलेटवर पांढरी पावडर येते. पुसून वापरावेत का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. ती शिशाची गंजपूड आहे. माप बिघडवते आणि श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात गेली तर विषारी. दमट हवेला लाकडी कपाटाची जोड मिळाली की लवकर येते, कारण लाकूड आणि प्लायवूड यांतून आम्लाची वाफ सुटते. डबे घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. खराब पेलेट वेगळे बांधून भंगारवाल्याला ‘शिसं’ सांगून द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. आणि सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांच्या हाती वडापाव देऊ नका.