विशेष शाळेत शिक्षक मुलाला घडवतो की मूल शिक्षकाला?

आपला प्रश्न असा आहे की, विशेष शिक्षणात मुलाचे वर्तन शिक्षकामुळे बदलते की शिक्षकाचे वर्तन मुलामुळे, आणि नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाने याबाबत काय ध्यानात ठेवावे. मी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, पण पहिली सर्वांना दिसते आणि दुसरी बहुधा कोणाच्याच, विशेषतः स्वतः शिक्षकाच्या, लक्षात येत नाही.

माझ्याच वर्गातील उदाहरण देते. नऊ वर्षांचा एक मुलगा, बोलणे दोन-तीन शब्दांपुरते. वही आणि पेन्सिल समोर आली की तो स्वतःच्या हाताला कडकडून चावत असे. मी घाईघाईने वही उचलून घेई, तो शांत होई आणि माझाही जीव भांड्यात पडे. यात त्याला कळले की चावले म्हणजे वही जाते, आणि मला कळले की वही काढली म्हणजे चावणे थांबते. मानसशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात: नकोशी गोष्ट टळली की ती टाळणारे वर्तन पक्के होते. येथे ते दोघांचेही पक्के होत होते. त्याच्या वैयक्तिक शिक्षण योजनेत, म्हणजे केवळ त्याच्यासाठी आखलेल्या उद्दिष्टांच्या आराखड्यात, ‘अक्षरे गिरवणे’ असे उद्दिष्ट लिहिलेले होते आणि प्रत्यक्षात तो रोज मणी ओवत बसलेला असे. ‘बाई, याची वही कित्येक दिवसांत उघडलीच नाही,’ असे आमच्या मदतनीस ताईंनी म्हटले, तेव्हा मला ते प्रथम जाणवले. वर्ग शांत होता, त्यामुळे माझे काही चुकते आहे अशी शंका येण्याचे कारणच नव्हते.

ही केवळ माझी चूक नव्हती, हे नंतर वाचनात आले. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढांना मुलांच्या जोड्यांना शिकवायला सांगितले होते. जोडीतील एका मुलाचे वर्तन त्रासदायक होते, दुसऱ्याचे नव्हते. प्रौढांनी शांत मुलाला अधिक शिकवले, आणि दुसऱ्याला शिकवले तेव्हाही तो ज्या कामांत कमी बिथरे तीच कामे दिली. याच्या उलट दिशेचा, काहीसा गमतीदार प्रयोग कॅलिफोर्नियातील व्हायसेलिया येथे 1970च्या सुमारास झाला. तेथे विशेष वर्गातील मुलांनाच शिक्षकांचे वर्तन बदलण्याचे प्रशिक्षण दिले होते. शिक्षकाकडे पाहून हसणे, नजर मिळवणे, समजले की तसे मोकळेपणाने सांगणे, एवढ्यावर शिक्षकांचे चांगले शेरे वाढले आणि टोमणे कमी झाले.

आमच्याकडे मुलाचे निरीक्षण कसे करावे हे तपशिलाने शिकवतात. स्वतःचे कसे करावे याला मात्र फारसे स्थान नसते. पूर्वघटना, वर्तन आणि परिणाम या तीन रकान्यांच्या नोंदीत मी चौथा रकाना वाढवला: ‘त्यानंतर मी काय टाळले’. नव्या शिक्षकाला मी एवढे एकच सुचवीन.

‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल’ हा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. मूल लक्ष वेधण्यासाठी ओरडत असेल तर तो काही अंशी लागू पडतो, जरी सुरुवातीला ओरडणे वाढते आणि त्याच क्षणी शिक्षकाने हार मानली तर अधिक मोठ्याने ओरडावे हा धडा मुलाला मिळतो. पण मूल काम टाळण्यासाठी तसे वागत असेल, तर त्याला वर्गाबाहेर पाठवणे ही शिक्षा नसून त्याला हवे होते तेच बक्षीस असते. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाकडे तर दुर्लक्ष करताच येत नाही.

म्हणून त्या मुलाला आम्ही ‘थांबू’ असे चित्रकार्ड दाखवायला शिकवले, म्हणजे चाव्याने जे साधत होते ते कार्डाने साधावे. पहिल्या आठवड्यात एका सकाळी त्याने ते अकरा वेळा दाखवले आणि अकराही वेळा मी वही बाजूला ठेवली. ताईंना हे लाड वाटले. परंतु कार्ड चाव्याइतकेच खात्रीने चालते हे त्याला आधी पटणे आवश्यक होते. पुढे एक ओळ गिरवल्यावर कार्ड, मग दोन ओळींनंतर, असे करत दिवाळीपर्यंत तो तीन ओळींवर आला. सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत चावा परतला. चौथ्या रकान्यात त्या दोन्ही दिवसांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे की, वहीच्या आधी मी मण्यांचा डबा काढला होता.