पाइप फिटिंगला टेपर आटे घ्यावेत की सरळ?

गळती कुठे अडवायची आहे, त्यावर ठरतं. टेपर आटे निमुळते असतात, 16 मिमी लांबीत व्यास 1 मिमीने कमी होतो. आवळत जाल तसे ते एकमेकांत रुततात आणि उरलेली फट टेफ्लॉन टेप भरते. एकदाच बसवायच्या लाइनला हेच बरे. सरळ आटे फक्त धरून ठेवतात. पाणी अडवतो तो तोंडावरचा वॉशर किंवा ओ-रिंग (रबरी कडी). वॉशर खराब असेल तर आट्यांवर कितीही टेप गुंडाळा, गळणारच! वारंवार उघडायचा जोड असेल तर सरळच घ्या.

आणि कृपा करून एनपीटी (अमेरिकन) व बीएसपी (ब्रिटिश) या दोन पद्धतींचे आटे एकमेकांत मिसळू नका. अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला 14च आटे, म्हणून सुरुवातीला छान फिरतात. पण एनपीटीच्या आट्याचा कोन 60 अंश, बीएसपीचा 55, म्हणून ते एकमेकांत नीट बसत नाहीत.